परत गेलेला नारळ

रत्नागिरीत थंडी अशी पडते तरी किती? पहाटे चादर अंगावर ओढायची आणि सात वाजता पायांनी ढकलायची, एवढीच. पण माघाची एक खूण आमच्याकडे अगदी ठरलेली आहे. माझ्या घरासमोरच्या मैदानावर बांबू येऊन पडतात. ट्रकमधून ते उतरवताना खडखडाट होतो, मग दोन दिवस दोऱ्या, फळ्या आणि हातोडे, मग कमानीवर हात जोडलेले फोटो, आणि मग एका संध्याकाळी कर्ण्यातून कुणीतरी खोकतं. ते खोकणं ऐकलं की कबड्डीचा हंगाम आला असं मी समजतो. आणि गॅलरीचं दार लावून घेतो.

दार लावून आवाज थांबत नाही, हे मलाही कळतं. शेजारच्या वहिनी म्हणतात, "मास्तर, मजा आहे तुमची, घरबसल्या मॅच!" मी हसतो. गेली पाच वर्षं मी एकही सामना बघितलेला नाही, हे त्यांना कशाला सांगायचं? दार लावलं तरी फटीतून मोहोराचा वास येतो. मागच्या आवारात आंब्याचं एक कलम आहे. कुणी त्याची निगा राखत नाही आणि ते कुणाला फळ देत नाही, पण मोहोर मात्र दरसाल भरभरून येतो. आमचं दोघांचं बरं जमतं.

मी शाळेत संगीत शिकवायचो. गणिताच्या बाईंचा भाग मागे राहिला की त्यांना माझा तास मिळायचा, यावरून माझ्या नोकरीची कल्पना यावी. लग्न केलं नाही. तेव्हा त्याची बरीच कारणं होती, आता एकही आठवत नाही. दोन खोल्या, एक पेटी, भिंतीवर एक तंबोरा. आणि शनिवारी सदू.

सदू पावसच्या अलीकडच्या एका वाडीतला. खालूबाजात सनई वाजवायचा. खालूबाजा म्हणजे सनई, ढोल, टिमकी, झांज आणि वाजवता वाजवता नाचणारे चार-पाच जण. आमच्याकडे लग्न असो, शिमगा असो की कुणाची मिरवणूक, बाजा पुढे असल्याशिवाय पाऊल उचलत नाही. सदूची सनई मी पहिल्यांदा एका वरातीत ऐकली आणि नवरानवरीला सोडून त्याच्या मागून चालत गेलो. पार गाव संपेपर्यंत. शेवटी तोच थांबून म्हणाला, "मुलीकडचे की मुलाकडचे?" मी म्हटलं, "सनईकडचा." तिथून आमची ओळख.

शनिवारी तो बाजाराला यायचा, काम उरकलं की माझ्याकडे. जिना चढताना बोलायचा नाही. सनईच्या तोंडाला लावायची पत्ती गालात धरलेली असायची, ओली करायला. त्यामुळे जिन्यावर पावलं वाजताहेत आणि पावलांचा मालक गप्प आहे, म्हणजे सदू आला. आत यायचा, पिशवी खाली ठेवायचा, मी पेटीवर सूर धरायचो, तो सनई लावायचा. आधी सूर, मग "काय मास्तर, बरं हाय?" हा क्रम कधी मोडला नाही. त्याचा सूर माझ्या पेटीपेक्षा केसभर चढा लागायचा. मी नुसतं बघितलं तरी त्याला कळायचं. म्हणायचा, "माज्याकडं काय बगता? पेटीला सांगा जरा वर ये म्हनून."

मग पत्ती डबीत जायची आणि तोंड मोकळं व्हायचं. मोहोर कसा आहे, तुडतुडा पडलाय का, आभाळ आलं तर काय, मुंबईचा मुलगा गणपतीला येतो म्हणाला होता तो आला का. पिशवीतून वालाच्या शेंगा निघायच्या, कधी कुळथाचं पीठ. तासभर बसून जायचा. आठवड्यातला तो तास वजा केला तर माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो तास गेल्यावर कळलं.

खालूबाजाला बोलावण्याची एक रीत आहे. ज्याच्या घरचं काम त्यानं नारळ घेऊन यायचं आणि बाजावाल्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा. नारळ उचलून आत नेला की शब्द झाला. माणूस कुठल्या वाडीचा, कुठल्या पक्षाचा, आपल्याशी बोलतो की अबोला धरून आहे, काही बघायचं नाही. ज्याचा नारळ आधी त्याची तारीख. एका तारखेला दोन नारळ आले तर दुसऱ्याला दुसरा बाजा शोधून द्यायचा, पण नारळ तसाच परत पाठवायचा नाही. सदूच्या आजाच्या वेळेपासून त्या उंबऱ्यावरून एकही नारळ परत गेला नव्हता. हे मला त्यानंच सांगितलं होतं, वालाच्या शेंगा निवडता निवडता.

आणि मग पाच वर्षांपूर्वी आमच्या गावाला राज्याची कबड्डी स्पर्धा मिळाली.

राज्यभरातले संघ येणार, म्हणजे गावाच्या अंगात आलं. जेवणाची समिती, राहण्याची समिती, मंडपाची समिती. गावात राजकारणाचे दोन गट. एकाचे पुढारी साहेब, दुसऱ्याचे भाऊ. प्रत्येक समितीत दोघांची माणसं मोजून घेतली होती. सांस्कृतिक समितीत मात्र एक जागा निःपक्षपाती माणसाची होती. ती मला दिली. ज्याला कुणी विचारत नाही तो आपोआपच निःपक्षपाती असतो.

प्रश्न एवढाच होता: उद्घाटनाला संघ मैदानात येतील तेव्हा वाजवणार कोण? साहेबांच्या माणसांना मुंबईचा गायक हवा होता, चकाकत्या जाकिटातला. भाऊंची माणसं टेबल ठोकून म्हणाली, मातीतला कलाकारच पाहिजे. इथवर ठीक होतं. पण मधल्या आठवड्यात पेपरात कुणाचं तरी पत्र आलं की, स्थानिकांना संधी द्या. ते लोकांना आवडलं. पुढच्या सभेला साहेबांची माणसं मातीतला कलाकार मागायला लागली. मग भाऊंच्या माणसांना गायक मागणं भागच पडलं. वडे तेच, चहा तोच, माणसं तीच, फक्त वाक्यांची अदलाबदल झाली. मी मनातून हसत होतो. आपण त्यात नाही असं वाटलं की माणूस हसतो.

मी खिशातून मोबाईल काढला. सदूच्या पडवीत बसून मागे एकदा मी त्याची सनई भरून घेतली होती. ती सुरुवात ओलांडून थेट सनईपासून लावली. चार मिनिटं कुणी वड्याला हात लावला नाही. संपल्यावर भाऊंचा एक माणूस म्हणाला, "काय वाजवलंय हो!" साहेबांचा म्हणाला, "हेच घ्या." कुणीतरी फाईल तिथंच मागून घेतली. दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग कुणीतरी विचारलं, "पण पार्टी कुणाची?" मी छाती फुगवून सदूचं नाव सांगितलं.

तिथंच घसरलं. साहेबांच्या माणसानं फोन काढला. त्यात भाऊंच्या विजयाची मिरवणूक होती आणि पुढे गुलालानं माखलेला सदू, डोळे मिटून वाजवत होता. "हा त्यांचा माणूस!" झालं. पलीकडून भाऊंच्या माणसानं त्याच्या फोनात शोधलं. आधीच्या निवडणुकीतली साहेबांची मिरवणूक, तोच सदू, तेच मिटलेले डोळे. "आमचा कसला, हा तर तुमचा!" दोघांचा गुलाल लागलेला माणूस दोघांनाही नको होता.

मी नारळाची रीत सांगायला लागलो. त्याच्या उंबऱ्यावर दोघांचेही नारळ आले म्हणून तो दोघांपुढेही वाजवत गेला, असं मला सांगायचं होतं. कुणीतरी म्हणालं, "मास्तर, नारळाचं राहू द्या. मुद्द्याचं बोला." नारळ हाच मुद्दा होता. पण मी गडबडलो आणि तडजोड काढली. स्पर्धेपर्यंतचे पंधरा दिवस तो कुठल्याच बाजूच्या माणसाकडे वाजवणार नाही, मग तर हरकत नाही ना? समिती म्हणाली, "बघू." सगळा जन्म कोकणात काढलेल्या माणसाला "बघू"चा अर्थ कळायला हवा होता. मी तो होकार धरला.

शनिवारी सदूला सांगितलं. आधी सूर लावून झाला होता.

"पंधरा दिवस नारळ घेऊ नकोस. पक्षवाल्यांचा."

"पक्षवाला कोन नाय ओ हल्ली?"

"म्हणून तर कुणाचाच घेऊ नको."

"लग्नाचा पन?"

"लग्नाचा... कुणाच्या घरचं लग्न आहे ते बघून घे."

त्यानं सनई मांडीवर आडवी ठेवली. "मास्तर, मानूस बगून नारल घेतात होय? माज्या बापसानं कंदी परत केलान नाय."

मी त्याला समजावलं. समजावलं कसलं, भुलवलं. सगळ्या राज्याचे संघ असतील, टीव्हीवाले असतील, आणि मुख्य म्हणजे माईकवर तुझं नाव घेतील, असं म्हटलं. तो थांबला. म्हणाला, "माजं नाव? माईकवर?" इतकी वर्षं तो सगळ्यांच्या पुढे चालत वाजवत होता. पण लोक काय म्हणायचे, तर "बाजावाले आले." त्याच्या बापाचंही नाव कधी कुणी घेतलं नव्हतं. त्यानं परत एकदा विचारलं, "नक्की घेतील?" मी म्हटलं, "मी आहे ना."

पुढच्या शनिवारी तो आला तो बोलतच आला. म्हणजे गालात पत्ती नव्हती. "गनूचा नारल परत केला," एवढंच म्हणाला. गणू त्याच्याच वाडीतला, भाऊंच्या बाजूनं मतदानाच्या चिठ्ठ्या वाटणारा. त्याच्या मुलीचं लग्न होतं. त्यानं उंबऱ्यावर ठेवलेला नारळ सदूनं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या हातात परत दिला. गणू नारळ काखेत घेऊन पायऱ्या उतरला. ती मुलगी सदूच्या अंगणात खेळून मोठी झालेली. तिची वरात स्पीकर लावून गेली. सदू त्या दिवशी माझ्याकडे चहा प्यायला, सूर लावला नाही, आणि नेहमीची पत्तीची डबी पेटीजवळ विसरून गेला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समितीत पुन्हा वाजलं. शेवटी साहेब आणि भाऊ स्वतः बसले आणि तोडगा निघाला: कुणीच नको. जिवंत माणूस म्हटला की तो कुणाचा तरी असतो. रेकॉर्ड लावा, वाद मिटला. रेकॉर्ड कुठली? "ती मास्तरांची आहे ना, छान आहे ती." कुणाची ते एव्हाना सगळे विसरले होते, किंवा विसरणं सोयीचं होतं. मला उद्घाटनाच्या दिवशी सकाळी निरोप आला. सदूला फोन करायला अख्खा दिवस होता. मी केला नाही. काहीतरी होईल, ऐनवेळी बदलेल, असं मी मनाला सांगत बसलो. खरं म्हणजे मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी सदू मैदानावर आला. पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा. सनई नव्या फडक्यात गुंडाळलेली. दारावरच्या स्वयंसेवकानं सांगितलं, बाजा नाही आता, पाहिजे तर बसून बघा. सोबतचे चौघे ढोल घेऊन परत फिरले. सदू आत आला आणि माझ्या शेजारी बसला. तिसऱ्या रांगेत. मी म्हटलं, "सदू, मी तुला सांगणारच होतो." तो म्हणाला, "असू दे."

मग संघ आले. रंगीत जर्सी, हातात पाट्या, आणि चारी बाजूंच्या कर्ण्यांमधून सदूची सनई. तीच चढी, केसभर वर. निवेदक ओरडला, "कोकणच्या मातीतलं हे पारंपरिक संगीत!" टाळ्या पडल्या. निवेदक माझा विद्यार्थी होता. माईक माझ्यापासून दहा पावलांवर होता. उठून एवढंच सांगायचं होतं, याचं नाव घे, हा इथंच बसलाय. त्यानं घेतलं असतं. पण पुढच्या रांगेत साहेब आणि भाऊ शेजारी शेजारी बसून हसत होते आणि ते हसू माझ्यामुळे मोडेल याची मला भीती वाटली. भित्रा म्हणायचं मला. दुसरा शब्द मी पाच वर्षं शोधतोय, सापडलेला नाही.

सदूनं सगळं ऐकलं. फडक्यावरून त्याची बोटं हलत होती, जिथं जशी हलायची तशी. संपलं तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "चांगला वाजवलान, मास्तर. कुनीतरी." आणि उठून गेला. मी त्याच्या मागून गेलो नाही. एकदा अनोळखी असताना मी त्याच्या मागून गाव संपेपर्यंत चाललो होतो.

त्यानंतर शनिवारी जिना गप्पच राहिला. मी दोनदा फोन केला. त्याची बायको म्हणाली, "ते बागेत गेलेत." दोन्ही वेळा बागेत. मग मी करायचा सोडला. पावस काही विलायतेत नाही. एस्टीनं जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं. तरी मी गेलो नाही. आज जाऊ, शिमगा झाल्यावर जाऊ, पाऊस उघडला की जाऊ. एकटा माणूस दिवस फार छान ढकलतो, त्याला अडवणारं कुणी नसतं. सदूची हकीकत मला बाजारात कळली. त्यानं वाजवणं सोडलं असं लोक म्हणतात, पण ते तसं नाही. ज्या उंबऱ्यावरून एकदा नारळ परत गेला, तिथं दुसरा नारळ कुणी नेत नाही. कुणी ठरवून केलं नाही, कुणी बोललं नाही. फक्त नारळ यायचा थांबला. आणि नारळाशिवाय तो सनई काढणार नाही, ही त्याची रीत.

त्याची पत्तीची डबी माझ्याकडेच आहे. पत्त्या वाळून चिरल्या. कधीतरी शनिवारी मी पेटीवर तो सूर धरतो. पेटी आपल्या जागेवर असते, वर कुणी नसतं.

रेकॉर्ड मात्र गावच्या सामन्यांना दरसाल वाजते. समित्या बदलल्या, एक पुढारी दुसऱ्याच्या पक्षात गेला, पण रेकॉर्डबद्दल कुणाची तक्रार नाही. म्हणून मी दार लावून घेतो.

यंदाही काल संध्याकाळी लावलं होतं. कर्ण्यात कुणीतरी खोकलं. मग खरखर झाली आणि मैदानभर माझा आवाज आला.

"सदू, घे. चालू केलंय मी."

आणि त्याचा. "चालू? थांबा ओ, पत्ती तरी ओली करू दे." मग त्याचं हसणं. मग पडवीतल्या कोंबड्याचं आरवणं. मग सनई.

मी गॅलरीत कधी आलो ते मला कळलं नाही. दरवर्षी सुरुवातीचं बोलणं कापून सनईपासून लावतात. यंदा साउंडवाला नवा, त्याला कुणीतरी पहिली, न कापलेली फाईल दिली असणार. मी भरून घेतलं तेव्हा आम्ही काय बोललो ते मी पार विसरून गेलो होतो. माईकवर त्याचं नाव आलं, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. ऐकायला बांबूवाले होते, फळ्यांखाली झोपलेलं एक कुत्रं होतं, आणि मी.

खाली गेलो. साउंडवाला चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवून वायरी सोडवत होता. म्हणाला, "काका, आवाज बरोबर येतोय ना वर?"

"येतोय. ते सुरुवातीचं बोलणं कापू नका."

"नाही काका, ते कापणारच. कुणीतरी मध्येच बडबडलंय."

"मीच बडबडलोय. पण त्यात वाजवणाऱ्याचं नाव आहे."

तो थांबला. चष्मा डोळ्यांवर घेतला. "नाव आहे?" म्हणाला. "मग समितीला विचारायला लागेल."

मला राग यायला हवा होता. आला नाही. पाच वर्षांपूर्वी ती समिती मीच होतो. मी त्याला सदूचं पूर्ण नाव सांगितलं, वाडीचं सांगितलं, बापाचंही सांगितलं. त्यानं हाताला लागलेल्या कागदावर ते लिहून घेतलं आणि कागद खिशात घातला. त्याचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही. "बघू" असं तो म्हणाला नाही, एवढंच.

परत येताना नाक्यावर नारळ घेतला. दुकानदार म्हणाला, "सोलून देऊ, मास्तर?" मी म्हटलं, "शेंडी ठेव." तो आता पेटीवर आहे. शेजारी पत्तीची डबी ठेवली आहे, आतल्या पत्त्या चिरलेल्या का होईनात, ज्याची त्याला द्यायला. आज शनिवार. सकाळच्या गाडीनं पावसला जायचं, वाडीच्या फाट्यावर उतरायचं आणि नारळ त्याच्या उंबऱ्यावर ठेवायचा. काय काम आहे, असं तो विचारेल. माझ्या घरी लग्न नाही, मिरवणूक नाही. एका म्हाताऱ्याला जिन्यावर गप्प पावलं ऐकायची आहेत, यासाठी आजवर कुणी बाजा बोलावला नसेल.

रीतीप्रमाणे त्यानं नारळ उचलून आत न्यायला हवा. कदाचित तो दोन्ही हातांनी उचलून माझ्याच हातात ठेवेल. तसं झालं तर मला काही बोलायला जागा नाही. नारळ परत करायला त्याला मीच शिकवलं आहे.